रयतेचे नागरिक होताना

छत्रपती संभाजीनगरात जमिनीचा जुना दावा चालू असला की कधी ना कधी वकिलाच्या टेबलावर एक पिवळा पडलेला कागद येतो. त्यावर घाईच्या शिकस्ता वळणाचा उर्दू मजकूर असतो, कोपऱ्यात शिक्का असतो आणि साल असते ‘१३४७ फसली’. कागद ज्याच्या आजोबांच्या नावाचा, त्याला स्वतःला तो वाचता येत नाही. मग उर्दू जाणणाऱ्याचा शोध सुरू होतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघते, म्हणजे हा कागद १९३७-३८ चा. तेव्हा त्या आजोबांची राज्यदरबारी ओळख एवढीच होती की ते निजामाची रयत आहेत. बारा वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, ते भारताचे नागरिक झाले. शेत तेच, घर तेच, कर्जही बहुधा तेच. मग बदलले काय, आणि बदलायचे राहिले काय? या प्रकरणात आपण तेच पाहणार आहोत.

हा प्रश्न जगात आधीही पडलेला आहे. १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात ३९ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. बरोबर १६१ वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली. तारीख जुळली हा योगायोग आहे. पण त्या दिवसानंतर दोन्हीकडच्या माणसांपुढे उभे राहिलेले प्रश्न मात्र विलक्षण सारखे होते. नाणे कोणाचे चालणार, जकात कोण घेणार, जमीन कोणाच्या नावावर लागणार, मत कोणी द्यायचे, शाळेचे दार कोणाला उघडे? दोन्ही प्रजासत्ताकांनी या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या क्रमाने दिली. तो क्रम लक्षात घेतला तर मराठवाड्याची पुढची साठ-सत्तर वर्षे बरीच उलगडतात.

परवानगीचे राज्य

हैदराबाद हे देशातले लोकसंख्येने सर्वांत मोठे संस्थान होते. १९४१ च्या शिरगणतीत तिथे सुमारे १ कोटी ६३ लाख माणसे होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य असली तरी कचेरी, कोर्ट आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठवाडा म्हणजे तेव्हाचे पाच जिल्हे: औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. जिल्ह्याच्या प्रमुखाला ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. संस्थानाचे नाणे वेगळे होते, टपालाची तिकिटे वेगळी होती, रेल्वेही स्वतःची होती.

प्रौढ मतदानाने निवडलेले विधिमंडळ या राज्यात कधीच नव्हते. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानानुसार आधी परवानगी काढावी लागे. खासगी शाळा चालवण्यावरही बंधने होती. म्हणून १९१५ साली औरंगाबादेत सुरू झालेल्या सरस्वती भुवन शाळेसारख्या संस्था केवळ शाळा राहिल्या नाहीत. मराठीतून शिकण्याचा आग्रह हाच तिथे राजकारणाचा पहिला धडा ठरला.

१९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरची बंदी मानली नाही. संप पुकारला गेला, तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला आणि शेकडो मुले शिक्षण सोडून बाहेर पडली. त्याच साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन झाली आणि तिच्यावर लगेच बंदीही आली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही मुक्तिलढ्यातली माणसे पुढच्या दहा वर्षांत घडली.

निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता, म्हणून १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, दुसऱ्या दिवशी औरंगाबादेत पोहोचले आणि पाचव्या दिवशी सारे संपले. लोक याला आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांनी गांजलेल्या गावांना सुटल्यासारखे झाले. पण त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी नोंदवली, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातले दोन जिल्हे होते. मुक्तीचा इतिहास सांगताना हे पान गाळणे म्हणजे त्या मुक्तीचाच मान कमी करणे आहे. नव्या राज्याची पहिली कसोटी, दुबळ्याचे रक्षण, या ठिकाणी हुकली होती.

रयतेच्या हातात मत

सुरुवातीला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची लष्करी राजवट होती. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून जाहीर केले की भारताची घटना हीच हैदराबादची घटना राहील. दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे आपले शेवटचे मोठे भाषण केले. राजकारणात आपण समतेत प्रवेश करतो आहोत, पण समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता तशीच आहे, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची इमारत टिकणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. हा इशारा साऱ्या देशासाठी होता. पण जहागिरी, वेठबिगार आणि निरक्षरता या तिन्हींनी दबलेल्या मराठवाड्याला तो जितका लागू होता तितका फार थोड्या प्रदेशांना असेल.

१९५२ च्या सुरुवातीला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिकेवर काही लिहायचे नाही, शिक्का मारायचा नाही. ती फक्त आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. ज्याला अक्षर येत नाही त्याला बैलजोडी तर कळते, या विश्वासावर हा सारा घाट घातलेला होता. ज्या गावात जहागीरदाराच्या वाड्यासमोरून चप्पल घालून जाण्याची सोय नव्हती, त्या गावचा शेतमजूर आणि वाड्याचा मालक एका रांगेत उभे राहिले आणि दोघांच्या हाती सारखीच चिठ्ठी पडली. हैदराबादच्या १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले, बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले आणि मराठवाड्याचे दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. ज्या संस्थानात सभेला परवानगी लागे, तिथले पोलीस खाते आता मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्याच्या हाती होते.

आता अमेरिकेकडे पाहू. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत त्या देशात ३९ लाख माणसे होती आणि त्यांतली जवळपास ७ लाख गुलाम होती. बहुतेक राज्यांत मत फक्त मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांना होते. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रियांना काही काळ मत होते, तेही १८०७ साली काढून घेतले गेले. पुढच्या दोन-तीन दशकांत गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट बहुतेक ठिकाणी उठली. त्याच काळात न्यूयॉर्कने १८२१ मध्ये ती अट काळ्या मतदारांपुरती राखून ठेवली. काळ्या पुरुषांना कागदोपत्री मत मिळाले १८७० मध्ये, स्त्रियांना १९२० मध्ये आणि दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांना ते मत खरोखर बजावता येण्यासाठी १९६५ चा कायदा यावा लागला.

तिकडे मताचा अधिकार असा पावणेदोनशे वर्षे तुकड्यातुकड्याने येत राहिला. आपल्याकडे तो पहिल्याच दिवशी, सर्वांना, पुरा मिळाला. जमीन, पैसा, शाळा आणि माणुसकी या गोष्टी त्याच्या मागून चालत यायच्या होत्या. मराठवाड्याची कहाणी म्हणजे पुढे गेलेल्या मताला बाकीच्यांनी गाठण्याची कहाणी आहे.

हाली आणि कलदार

राज्य बदलले हे सामान्य माणसाला सर्वांत आधी खिशात कळते. निजामाच्या रुपयाला ‘हाली’ म्हणत आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला ‘कलदार’. सातव्या निजामाच्या हाली रुपयावर चारमिनार कोरलेला आहे आणि त्याच्या मधल्या कमानीत, अगदी दारात उभे केल्यासारखे, ‘ऐन’ हे उर्दू अक्षर आहे. नाणे तळहातावर घेऊन जरा तिरपे धरले की ते अक्षर उठून दिसते. उस्मान या नावाचे ते आद्याक्षर. बाजारात मीठ-मिरची घेणारी बाई रोज राजाचे नाव चिमटीत धरत होती.

सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. मनमाडच्या बाजूने माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असे. शेतकऱ्याला नसे, आणि त्या फरकात त्याची थोडी कमाई गळून जाई. शिवाय संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. बाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर तिथे कर द्यावा लागे.

अमेरिकेतही घटनेच्या आधी हेच चालले होते. राज्ये एकमेकांच्या मालावर जकात लावत, प्रत्येकाच्या नोटा निराळ्या आणि युद्धकाळात काढलेला काँटिनेंटल कागदी डॉलर तर मातीमोल झालेला. घटनेने नाणे पाडण्याचा आणि आयात-निर्यातीवर जकात बसवण्याचा अधिकार राज्यांकडून काढून केंद्राला दिला. १७९२ मध्ये टांकसाळीचा कायदा झाला, तरी स्पॅनिश चांदीचा डॉलर तिथे १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालत राहिला. लोकांचा विश्वास नाण्यावर बसायला वेळ लागतो आणि उठायलाही.

हालीचेही तसेच झाले. १९५० च्या एप्रिलमध्ये संस्थानची अर्थव्यवस्था भारताच्या अर्थव्यवस्थेत मिळवण्यात आली आणि निजामाची रेल्वे भारत सरकारकडे गेली. हाली मात्र पुढची काही वर्षे टप्प्याटप्प्याने मागे घ्यावा लागला, करोडगिरीही सावकाश उठली. मराठवाड्याचा कापूस आणि भुईमूग मुंबईच्या बाजारात जकातीशिवाय जाऊ लागला. कलदार हा शब्द मात्र खणखणीत, बावनकशी अशा अर्थाने जुन्या माणसांच्या तोंडी राहिला.

जमीन: दिलेली आणि निसटलेली

संस्थानातल्या जमिनीचे तीन वाटे होते. सुमारे साठ टक्के जमीन सरकारच्या थेट अमलाखालची, म्हणजे दिवाणी किंवा खालसा. सुमारे दहा टक्के ‘सर्फेखास’, म्हणजे निजामाची खासगी. उरलेली जवळपास तीस टक्के जहागीरदारांची. जगप्रसिद्ध लेण्यांचे अजिंठा गावसुद्धा सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होते. जहागिरीत महसूल, पोलीस आणि पुष्कळदा न्यायही जहागीरदाराच्या माणसांकडे. वेठीला नकार देण्याची सोय नव्हती.

१९४९ च्या फेब्रुवारीत सर्फेखास सरकारजमा झाली आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी नष्ट करणारा कायदा आला. पाठोपाठ १९५० चा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा. त्याने ‘संरक्षित कूळ’ हा नवा हक्क निर्माण केला. वर्षानुवर्षे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला मालकाने मनाला येईल तेव्हा काढायचे नाही आणि ठरलेली किंमत देऊन त्याला ती जमीन विकतही घेता यावी, असा त्याचा गाभा होता. अमेरिकेत व्हर्जिनियाने क्रांतीच्या दशकात मोठ्या घराण्यांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या अखंड ठेवणारे आणि सारे थोरल्या मुलाकडे सोपवणारे नियम रद्द केले होते. त्या मानाने हैदराबादचा कायदा कितीतरी धीट होता, कारण तो थेट कसणाऱ्याकडे जात होता.

पण कायदा आणि बांध यांच्यामध्ये तलाठी असतो, मालक असतो आणि कुळाची गरिबी असते. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनी हैदराबादेतल्या या सुधारणांचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. चार वर्षांतच निम्म्याहून कमी संरक्षित कुळे त्या हक्कावर टिकून होती, असे त्यांना आढळले. काहींनी जमीन विकत घेतली, ही चांगली बाजू. पण सुमारे चाळीस टक्के कुळे एकतर बेकायदा हुसकली गेली होती किंवा त्यांनी जमीन ‘राजीखुशीने’ सोडली होती. हा शब्द आमच्याकडच्या जुन्या कागदांत फार भेटतो. मालकाचे कर्ज डोक्यावर, मुलीचे लग्न तोंडावर आणि राजीनाम्यावर अंगठा. त्या अंगठ्याखाली किती राजी आणि किती खुशी होती, हे कागद सांगत नाही. पुढच्या पिढीने शहरात धरलेली मजुरी सांगते.

ज्यांच्या नावावर कूळ म्हणूनही काही नव्हते, त्या दलित शेतमजुरांपर्यंत हा कायदा पोहोचलाच नाही. म्हणून १९५३ च्या सुमारास बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात गायरान आणि पडीक जमिनी भूमिहीनांना कसायला मिळाव्यात म्हणून सत्याग्रह केला. माणसे तुरुंगात गेली. मत मिळाल्यानंतर अवघ्या वर्षभरात लोक जमीन मागत होते, कारण पोटाला आधार नसेल तर मत दुसऱ्याच्या दाबाखाली जाते हे त्यांनी लगेच ओळखले होते.

छावणीतला वर्ग

या साऱ्यात खोलवर रुजलेला बदल शाळेच्या वाटेने आला. १९४८ पर्यंत मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे किंवा संस्थान सोडावे लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले. सुरुवातीचे वर्ग छावणीत, लष्कराच्या जुन्या बराकींत भरले. कौलारू छप्पर, लांबच लांब खोली आणि बाकावर अशी मुले, ज्यांच्या घराण्यात त्यांच्याआधी कोणी अक्षर गिरवले नव्हते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी इमारतीची कोनशिला बसवली. परिसराला नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद ही नावे मिळाली. भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा तो मिलिंद. काल-परवापर्यंत राजाला प्रश्न विचारता येत नव्हता त्या भूमीत, प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला देणे हे बाबासाहेबांनाच सुचावे.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. अमेरिकन प्रजासत्ताकाची थोरवी आणि त्याची जखम, दोन्ही त्यांनी जवळून पाहिली. त्यांच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना अर्पण केले होते. त्यामुळे अमेरिकेचा इतिहास मराठी माणसाला परका नाही; आपल्या थोरांनी तो आपल्यासाठी वाचून ठेवला आहे. घटनेचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी अमेरिकेशी तुलना करत सांगितले होते की तिथे दुहेरी नागरिकत्व आहे, भारतात एकच राहील. हैदराबादेत तेव्हा सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हा भेद कडवटपणे पाळला जात होता. एकाच नागरिकत्वाचा अर्थ आमच्या भागाला म्हणूनच चांगला कळला.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. दहा वर्षांत एका पिढीचा रस्ता बदलला. मिलिंदमध्ये शिकलेल्या मुलांनी पुढे दलित साहित्याला आवाज दिला, आणि त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत झगडावेही लागले. त्या सोळा वर्षांत घरे जळली, माणसे मेली. बाबासाहेबांनी एकोणपन्नास साली दिलेला इशारा किती खरा होता, हे मराठवाड्याने स्वतःच्या अंगावर अनुभवले.

एक नुकसानही नोंदवले पाहिजे. औरंगाबाद हे उर्दू कवी सिराज औरंगाबादींचे शहर. मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचे केंद्र अनेक वर्षे याच शहरात होते. कचेरीतून उर्दू गेली तेव्हा मराठी रयतेला आपल्या भाषेत अर्ज करता येऊ लागला, हा न्याय होता. पण त्या भाषेवर पोट असलेले कारकून आणि शिक्षक एकाएकी निरक्षरासारखे झाले आणि शहराच्या निम्म्या आठवणींना कुलूप लागले. आज जुना कागद वाचायला माणूस शोधावा लागतो तो यामुळेच.

दोन सतरा सप्टेंबर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन भाग झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाडा बिनशर्त आला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. १९५३ च्या नागपूर कराराने आणि पुढे घटनेच्या ३७१(२) कलमाने समतोल विकासाचा शब्द दिलेला होता. तो पाळला जावा म्हणून १९७४ चे विकास आंदोलन करावे लागले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ यायला १९८१ उजाडले. इथेही क्रम तोच: मत आधी, हक्काचा वाटा मागून, आणि तोही मागत राहिल्याने.

अमेरिकेत १७ सप्टेंबर हा दिवस ‘संविधान आणि नागरिकत्व दिन’ म्हणून पाळतात. आपण त्या दिवशी संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांना मानवंदना देतो. मुक्ती आणि नागरिकत्व या दोन शब्दांमधले अंतर आपण या प्रकरणात चालून पाहिले. पहिला शब्द पाच दिवसांत मिळाला. दुसरा छावणीतल्या बराकीत, गायरानाच्या सत्याग्रहात, विद्यापीठाच्या कमानीसमोर आणि तलाठ्याच्या दप्तरात थोडा थोडा मिळवावा लागला.

म्हणून तो पिवळा कागद वाचून झाल्यावर फेकू नये. त्याच्या शेजारी आजचा सातबारा ठेवावा, आजीचे नाव कोणत्या कागदावर आहे आणि कोणत्यावर नाही ते पाहावे, आणि कसणारा म्हणून जो राबला त्याचे नाव कुठे गळले ते शोधावे. प्रजासत्ताक आपल्या घरापर्यंत कितपत आले, याचा हिशेब त्या दोन कागदांच्या मध्ये आहे.